माऊस थांबतो तेव्हा

आत्याचा फोन आला तेव्हा मी कामातच होतो. पेन्शनसंबंधीचा कुठलासा ऑनलाइन अर्ज ती भरत होती. सगळे रकाने भरून झाले होते, पण शेवटचं ‘सादर करा’ हे बटण करडंच होतं. दाबलं तरी ढिम्म. मी तीच साइट माझ्या कॉम्प्युटरवर उघडली. रिकाम्या अर्जातही बटण तसंच करडं. त्याच्यावर माऊस नेऊन ठेवला आणि एक छोटी चौकट उमटली: ‘आयएफएससी कोडमधलं पाचवं चिन्ह ओ नसून शून्य असल्याची खात्री करा.’

“अगं, त्या बटणावर नुसता माऊस ने, काय चुकलंय ते लिहून येतं.”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, “मोबाइलवर माऊस कुठून आणू रे?”

आयएफएससी कोड अकरा चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, शेवटची सहा चिन्हं शाखेची आणि मधलं पाचवं कायम शून्य. आत्याने तिथे ओ हे अक्षर घातलं होतं. काम दोन मिनिटांत झालं, पण मला काही हसू आलं नाही. वेब ॲप्लिकेशन बनवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, आणि अशा चौकटी मीही डझनांनी लिहिल्या आहेत.

या चौकटीला टूलटिप म्हणतात. एखाद्या बटणावर, चिन्हावर माऊस टेकवला की उगवणारी आणि हलवला की मावळणारी ओळभर माहिती. दिसायला इतकी किरकोळ की नव्या पोराला पहिल्या आठवड्यात हेच काम देतात. पण जरा विचार करा, तुम्ही कॉम्प्युटरला काही विचारलेलं नसतं. क्लिक केलेलं नसतं, काही टाइप केलेलं नसतं. तुम्ही फक्त थांबलेले असता. त्या थांबण्याचा अर्थ ‘हे काय आहे?’ असा असेल, असं यंत्र परस्पर ठरवून टाकतं. टूलटिप म्हणजे तुमच्या मनातल्या प्रश्नाबद्दल यंत्राने बांधलेला अंदाज.

हा अंदाज चुकला की काय होतं ते ॲपलने १९९१ साली पाहिलं. त्या वर्षी आलेल्या ‘सिस्टिम ७’मध्ये ‘बलून हेल्प’ नावाची सोय होती. मेन्यूतून ती चालू केली की माऊस जिथे जाईल तिथे कॉमिकमधल्यासारखा संवादाचा फुगा फुटायचा. खिडकीवर गेलात, फुगा. कचऱ्याच्या डब्यावरून नुसते पुढे गेलात, तरी फुगा. माहिती चांगली असायची, पण फुगा वाट बघायचा नाही. प्रत्येक हालचालीला प्रश्न समजणारा मदतनीस कोणाला हवा असतो? बहुतेकांनी एकदा गंमत पाहून ती सोय बंद केली.

मायक्रोसॉफ्टने मामला आटोपशीर ठेवला. टूलबारवरच्या चिन्हाचं नुसतं नाव सांगायचं, आणि तेही जरा थांबून. टूलबारवरची टिप म्हणून टूलटिप. ‘विंडोज ९५’बरोबर ती घराघरांतल्या कॉम्प्युटरवर पोचली. तिच्यामागचं वेळेचं गणित मला फार आवडतं. विंडोजमध्ये एक आकडा आधीपासून साठवलेला असतो: दोन क्लिकमध्ये जास्तीत जास्त किती वेळ गेला तरी त्याला डबल क्लिक म्हणायचं. आपण काही बदललं नसेल तर हा आकडा ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद. टूलटिप उगवण्यापूर्वीची वाट तेवढीच. उगवल्यावर ती दिसत राहते याच्या दहापट, म्हणजे ५ सेकंद. आणि एक टूलटिप दिसत असताना शेजारच्या बटणावर गेलात तर पुढची येते याच्या पाचव्या हिश्श्यात, १०० मिलिसेकंदांत.

यातला शेवटचा आकडा खरा हुशारीचा. साडीच्या दुकानातला मुरलेला सेल्समन आठवा. तुम्ही कपाटांवरून नजर फिरवत असता तेव्हा तो गप्प असतो. एका साडीपाशी रेंगाळलात की किंमत सांगतो. आणि एकदा किंमत विचारायला लागलात की पुढच्या साड्यांच्या किमती न विचारता, भराभरा सांगत सुटतो. टूलटिपही तेच करते. शिवाय ज्यांचा हात संथ आहे ते बहुधा डबल क्लिकचा वेळ वाढवून घेतात. मग दहापटीच्या हिशेबाने त्यांना टूलटिप वाचायलाही आपोआप जास्त वेळ मिळतो.

पण बाण बटणावर थांबतोय की नुसता वरून जातोय, हा फरक ओळखायचा कसा? इथे हाताच्या हालचालीचं शास्त्र मदतीला येतं, आणि ते माऊसपेक्षा बरंच जुनं आहे. रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच मांडलं होतं की एखाद्या ठिकाणी हात नेताना हालचालीचे दोन भाग पडतात. आधी एक जोरकस झेप, आणि मग डोळ्यांनी बघत बघत केलेली बारीक दुरुस्ती. पुढे १९५४ मध्ये पॉल फिट्सने लोकांना धातूच्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीने टोकदार कांडी टेकवायला लावली आणि लागणारा वेळ मोजला. पट्ट्यांमधलं अंतर वाढलं की वेळ वाढतो, पट्टी अरुंद झाली की वेळ वाढतो, आणि ही वाढ एका ठरावीक सूत्रात बसते. १९७८ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या स्टुअर्ट कार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माऊसचा बाणही हेच सूत्र पाळतो.

म्हणजे बटणाकडे निघालेला बाण शेवटी मंदावतो आणि नुसता वरून जाणारा बाण मंदावत नाही. बटणावर किती वेळ गेला एवढंच न बघता वेग पाहिला तर अंदाज जास्त बरोबर येतो. ‘होव्हरइंटेंट’ नावाची एक जुनी छोटी लायब्ररी, म्हणजे कोणीही वापरावा असा तयार कोड, नेमकं हेच करायची. दर १०० मिलिसेकंदांनी बाण कुठे आहे ते बघायचं, मधल्या वेळात तो मोजक्याच पिक्सेलांनी सरकला असेल तर ‘पाहुणे आले’ असं समजायचं. मोजक्या ओळींची युक्ती, पण बाण वरून गेला की उगीच उघडणारे मेन्यू तिने शांत केले.

वेबवर टूलटिप सुरुवातीला फुकटच मिळाली. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या १९९७ मधल्या चौथ्या आवृत्तीपासून जवळपास कुठल्याही घटकाला ‘टायटल’ हा गुणधर्म लावता येतो. त्यात वाक्य लिहा, ब्राउझर ते माऊसखाली दाखवेल. एका ओळीचं काम. याच्याच जोडीला एक घोळ झाला. चित्र दिसलं नाही तर त्याच्या जागी वाचायचा मजकूर ‘आल्ट’ या गुणधर्मात लिहायचा असतो, आणि अंध व्यक्तीचं वाचक सॉफ्टवेअर तोच उच्चारतं. जुना इंटरनेट एक्स्प्लोरर मात्र ‘आल्ट’च टूलटिप म्हणून दाखवायचा. त्यामुळे एका अख्ख्या पिढीने ‘आल्ट’मध्ये चित्राचं वर्णन न लिहिता ‘इथे क्लिक करा’ असलं काहीबाही लिहिलं. २००९ मध्ये आठव्या आवृत्तीने ती सवय सोडली, तेव्हा ‘आमच्या टूलटिप गेल्या कुठे?’ अशी ओरड झाली.

‘टायटल’ची अडचण अशी की त्यावर आपला काहीच ताबा नसतो. कधी उगवायचं, किती वेळ राहायचं, अक्षर किती मोठं, सगळं ब्राउझरच्या मर्जीवर. कीबोर्डने काम करणाऱ्याला ती सहसा दिसतच नाही. एचटीएमएलच्या प्रमाणग्रंथातच आता लिहिलंय की ‘टायटल’वर विसंबून राहू नका. म्हणून आम्ही लोक टूलटिप हाताने बनवतो, आणि तिथून खरी मजा सुरू होते.

बटण पडद्याच्या अगदी वरच्या कडेला असेल तर टूलटिप खाली उघडायला हवी, उजव्या कडेला असेल तर डावीकडे सरकायला हवी. पान स्क्रोल झालं तर बटणाबरोबर हलायला हवी. बटण ज्या चौकटीत बसलंय तिने ‘माझ्या बाहेर काही दिसू द्यायचं नाही’ असा नियम लावला असेल, तर टूलटिप अर्धी कापली जाते. मग कोणीतरी तिला सगळ्यांच्या वर आणायला थराचा आकडा ९९९ करतो, दुसरा त्याच्यावर कडी म्हणून ९९९९, आणि सहा महिन्यांनी कोडमध्ये नवांची रांग लागलेली असते. कितीही नऊ लिहिले तरी चौकटीच्या आतला थर चौकटीबाहेर निघत नाही, हे कळायला मला एक अख्खी रात्र जागावी लागली होती. अलीकडे यातून सुटका होऊ लागली आहे. ‘पॉपओव्हर’ ही सोय २०२४ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे. ती टूलटिपला थेट सर्वांत वरच्या थरावर नेऊन ठेवते, तिथे नवांची मात्रा चालत नाही. आणि टूलटिप बटणाला नांगरून ठेवायची सोय क्रोममध्ये १२५ व्या आवृत्तीपासून सीएसएसमध्येच, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतच आली.

एक बारकावा जवळून बघू. बटण आणि टूलटिप यांच्यात दिसायला बरं म्हणून आपण आठ पिक्सेलांची फट ठेवतो. आता असा माणूस डोळ्यांसमोर आणा, ज्याची नजर अधू आहे आणि ज्याने पडदा चौपट मोठा करून घेतलाय. त्याला टूलटिपचा अर्धाच भाग दिसतो. उरलेला वाचायला तो बाण टूलटिपकडे नेतो, बाण त्या फटीत शिरतो. बाण बटणावर नाही, टूलटिपवरही नाही, म्हणजे गेला, असं समजून कोड टूलटिप मिटवून टाकतं. तो पुन्हा बटणावर येतो, पुन्हा फट, पुन्हा गायब. वेबच्या सुगम्यतेचे जे जागतिक निकष आहेत, त्यांच्या जून २०१८ च्या आवृत्तीत याच्यासाठी स्वतंत्र कलम घातलं गेलं. बाण न हलवता टूलटिप मिटवता आली पाहिजे, त्यासाठी बहुतेक जण एस्केप हे बटण वापरतात. बाण टूलटिपवर नेला तरी ती राहिली पाहिजे. आणि माणूस स्वतः हलेपर्यंत ती आपणहून नाहीशी होता कामा नये. म्हणजे मघाशी मी कौतुक केलेले ते पाच सेकंद इथे नापास होतात, हेही कबूल करायला हवं.

कीबोर्डवाल्याचं थांबणं वेगळं. तो टॅब दाबत दाबत बटणावर येतो. त्यात झेप नाही, दुरुस्ती नाही, तो आलाय म्हणजे आलाय. त्याला अर्धा सेकंद ताटकळत ठेवायचं कारण नाही, टूलटिप ताबडतोब दाखवावी. आणि जो कानाने वाचतो त्याला तर चौकट दिसणारच नसते. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेलं आणि जेम्स टे या अंध मित्राबरोबर वाढवलेलं ‘एनव्हीडीए’ हे मोफत वाचक सॉफ्टवेअर मराठीही बोलतं. टूलटिपचा मजकूर बटणाला ‘वर्णन’ म्हणून रीतसर जोडला तर ते आधी ‘जतन करा, बटण’ म्हणतं आणि मग वर्णन वाचतं. पण बटणावर नुसतं चिन्ह असेल आणि टूलटिपमध्येच त्याचं नाव असेल, तर तो मजकूर ‘नाव’ म्हणून जोडावा लागतो. दोन्हीकडे जोडला की ऐकणाऱ्याला ‘जतन करा, बटण, जतन करा’ असं ऐकावं लागतं. दिवसभर ऐकून बघा.

मराठी टूलटिपची आणखी एक व्यथा. इंग्रजीसाठी बेतलेल्या चौकटीत ओळीची उंची इतकी आवळलेली असते की वरचा रफार आणि खालचा उकार छाटला जातो. ‘पूर्वीची कृती’ मधला रफार उडाला की वाचणारा अडखळतो. घटकाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवलं नाही तर काही फाँट ल आणि श ही अक्षरं हिंदी वळणाने काढतात, आणि वाचक सॉफ्टवेअर भलत्याच आवाजात बोलू लागतं. नोंद करायला दोन अक्षरं लागतात, तरी ती बहुतेक जण विसरतात.

आता बोट. बोटाला थांबणं माहीतच नाही. ते एक तर काचेवर असतं नाही तर नसतं. बोट बटणाच्या वर हवेत तरंगत असेल तर साध्या फोनला त्याचा पत्ता लागत नाही. आयफोनचा ब्राउझर काही वेळा पहिल्या टिचकीला माऊस आल्याचं सोंग आणतो आणि दुसरीला खरी क्लिक धरतो, पण ते सोंगच. दाबून धरलं की टूलटिप दाखवायची, असाही पर्याय आहे, मात्र दाबून धरायचं हे सांगायला आणखी एक टूलटिप लागते. पडद्याला ‘तुझ्याकडे होव्हर, म्हणजे न दाबता वर थांबायची सोय, आहे का?’ असं सीएसएसमधून विचारता येतं. नसेल तर माहिती सरळ रकान्याखाली लिहावी, किंवा शेजारी आय अक्षराचं छोटं बटण द्यावं आणि ते दाबल्यावर दाखवावी.

करड्या बटणावरची टूलटिप तर फोनच काय, कॉम्प्युटरवरही बेभरवशाची. बटण निष्क्रिय केलं की टॅब त्याला ओलांडून पुढे जातो, म्हणजे कीबोर्डवाल्याला आणि कानाने वाचणाऱ्याला कारण कळायची वाटच बंद. हाताने बनवलेल्या टूलटिपला तर अनेकदा निष्क्रिय बटणाकडून माऊस आल्याची वर्दीच मिळत नाही. जिथे माणूस हमखास अडतो नेमकं तिथलं कारण आपण सर्वांत बेभरवशाच्या जागी लपवून ठेवतो. माझं मत विचाराल तर असं बटण करडं करूच नये. दाबू द्यावं, आणि दाबल्यावर चुकलेल्या रकान्याशी नेऊन ‘इथे ओ नको, शून्य हवं’ असं लाल अक्षरांत लिहावं.

आत्याच्या फोननंतर मी आमच्याच ॲपमध्ये अशी बटणं शोधली. अकरा निघाली. त्यातली चार मी लिहिलेली होती.