पेट्रोल भरताना नोझल सारखं ‘टक्’ करून बंद होतंय?

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजकडून ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पंपावरचा मुलगा म्हणतो, “साहेब, गाडीत प्रॉब्लेम आहे.” तुम्ही म्हणता, पंपात आहे. मागचा हॉर्न वाजवतो. दोन लिटर, टक्. अर्धा लिटर, टक्. शेवटी तो नोझल जेमतेम दाबून धरतो आणि बारीक धारेनं टाकी भरत राहतो.

दर वेळी दोनशे-पाचशेचं पेट्रोल टाकणाऱ्याला हा बिघाड महिनोन्‌महिने कळत नाही. सातारा-कोल्हापूरला निघताना टाकी फुल करायला सांगितली की कळतो. म्हणून सुट्ट्या लागल्या की आमच्याकडे अशा गाड्या वाढतात.

आधी पंप तपासा, गाडी नंतर. पुढच्या दोन वेळा वेगवेगळ्या पंपांवर भरा. नोझल पूर्ण आत न खुपसता बोटभर मागे घ्यायला सांगा, नाहीतर थोडं फिरवून धरायला सांगा. एकाच पंपावर अडत असेल तर त्या नोझलचा दोष आहे, आमच्याकडे येऊ नका. सगळीकडे अडत असेल तर पुढे वाचा. आणि हो, नोझल वारंवार बंद होतं म्हणजे माप मारतात असं नाही. मापाची शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागून खात्री करून घेता येते.

आता मुद्दा. घरी रॉकेल भरताना नरसाळं बाटलीच्या तोंडावर घट्ट बसलं की रॉकेल आत जायचं थांबायचं आणि भकभक करत वर यायचं. आई नरसाळं जरासं उचलायची आणि रॉकेल सुरळीत उतरायचं. गाडीत हेच घडतं. ३० लिटर पेट्रोल आत जायचं असेल तर ३० लिटर हवा आणि वाफ बाहेर यावीच लागते, आणि तीही एखाद्या मिनिटात, कारण पंपाचा वेगच तेवढा असतो. त्या हवेसाठी पेट्रोलच्या जाड पाइपाशेजारून एक बारीक पाइप जातो. त्याला आम्ही ब्रीदर म्हणतो. तो तुंबला की पेट्रोल गळ्यापर्यंत चढतं. नोझलच्या टोकाला एक छोटं भोक असतं आणि धार चालू असताना त्यातून हवा आत ओढली जात असते. पेट्रोलनं ते भोक झाकलं की आतला पडदा खेचला जातो आणि खटका पडतो. म्हणजे टाकी रिकामी असली तरी नोझलला ती भरल्यासारखीच वाटते.

ब्रीदर तुंबतो कशानं? आमच्याकडे निघालेली कारणं सांगतो. मागून ठोकर बसून डेंटिंग झालेल्या गाडीत पाइप मुडपून बसवलेला असतो. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत सिलिंडरच्या ब्रॅकेटखाली तो चेमटतो. अशा गाडीचा मालक पेट्रोल क्वचितच भरतो, त्यामुळे दोष किटवाल्याचा आहे हे वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. जुन्या गाडीत रबर आतून फुगतं, बाहेरून मात्र पाइप नव्यासारखा दिसतो. सोसायटीत महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेला पाइप सापडतो, नाहीतर हवेच्या तोंडाशी कुंभारीण माशीचं मातीचं घर. ते काढायला पाच मिनिटं लागतात, सापडायला अर्धा दिवस.

बरेच जण व्हिडिओ बघून येतात आणि थेट म्हणतात, “कॅनिस्टर बदला.” जरा थांबा. कॅनिस्टर म्हणजे कोळशाचा डबा. उभ्या गाडीत टाकीतून निघणारी पेट्रोलची वाफ तो धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की ती इंजिनाकडे पाठवतो. अमेरिकेतल्या गाड्यांत पेट्रोल भरतानाची वाफही त्याच डब्यातून जाते, म्हणून तिकडे पहिला संशय त्याच्यावर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती हवा ब्रीदरमधून वर येते. तेव्हा आम्ही आधी ब्रीदर बघतो. महागाचा भाग नंतर, लागलाच तर.

कॅनिस्टर मात्र खराब होतो, आणि तो बहुधा आपणच करतो. ऑटो कट झाल्यावर “राउंड फिगर करा” म्हणणं ही पुण्यातली जुनी खोड. वरून ओतलेलं पेट्रोल वाफेच्या वाटेनं थेट कोळशात शिरतं आणि भिजलेला कोळसा कामातून जातो. लक्षणं अशी: टाकी भरल्यावर गाडी लगेच स्टार्ट होत नाही, उभ्या गाडीजवळ पेट्रोलचा वास येतो, झाकण उघडताना जोरात ‘फस्स’ होतं. हलकंसं फस्स नेहमीचंच, त्याची चिंता नको. पहिला कट झाला की थांबा. सुटे पैसे द्यायला आता मोबाइल आहेच.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी वेगळी. जुलै २०२४ मध्ये इथे पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं तशा वेळी लोक इंजिन उघडतात, सीट वाळवतात आणि हवेच्या पाइपात गेलेला गाळ विसरतात. तो सुकला की सिमेंटसारखा बसतो. गाडी बुडली असेल तर आल्या आल्या सांगा.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात: डिझेलला फेस येतो, आणि फेसानंही नोझल बंद होतं. हायवेवर ट्रकसाठीच्या जाड, वेगवान नोझलनं भरू नका. साध्या नोझलनं हळू भरलं आणि अडलं नाही, तर गाडी ठीक आहे.

घरी काय करू नये: भरायच्या तोंडातून तार घालू नये. आतली झडप तोडू नये. पंक्चरवाल्याकडून टाकीत हवा मारून घेऊ नये, टाकी फुगते, सांधे गळतात आणि वाफेचा भडका उडू शकतो. झाकण सैल ठेवून गाडी चालवू नये.

आमच्याकडे येताना टाकी पाव किंवा त्याहून कमी असू द्या. भरलेली टाकी उतरवणं अवघड आणि धोक्याचं, त्यामुळे अशी गाडी आम्ही परत पाठवतो. मागच्या चाकावरचं प्लास्टिकचं कव्हर काढून पाइप तुमच्यासमोर दाखवतो, पाइप टाकीपासून सोडवूनच त्यात हलकी हवा मारतो, आणि बदललेला भाग तुमच्या हातात देतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा, आम्ही पाइपाला हात लावला की ते वाद घालतील.

फोन करताना एवढं सांगा: किती लिटरनंतर कट होतो, किती पंपांवर झालं, सीएनजी किट आहे का, आणि मागच्या बाजूचं काही काम झालंय का. यावरूनच निम्म्या वेळा आम्ही पाइप कुठे बघायचा ते ठरवतो. दुपारी १ ते ४ फोन उचलला जाणार नाही.