ध्रुवीय मॉस-लायकेनमधील सूक्ष्म मूलद्रव्ये : धुळीचा हिशेब कुठे चुकतो

हवेतून पडणारे जड धातू मॉस या शेवाळासारख्या वनस्पतीत मोजण्याची पद्धत १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये रुजली. ध्रुवीय प्रदेशात त्याआधीच लायकेनची (दगडफुलाची) तपासणी सुरू झाली होती, पण ती अणुचाचण्यांमुळे. किरणोत्सारी सीझियम-१३७ लायकेनमध्ये साठते, हिवाळ्यात रेनडिअर आणि कॅरिबू तेच खातात आणि मांसातून ते माणसापर्यंत पोचते, ही साखळी अलास्का आणि उत्तर स्कँडिनेव्हियात दिसली. १९८६ मध्ये चेर्नोबिलनंतर तीच पुन्हा अनुभवाला आली. रशियातल्या कोला द्वीपकल्पातल्या निकेल-तांब्याच्या भट्ट्यांनी पुढे लक्ष धातूंकडे वळवले.

१९९० पासून युरोपात दर पाच वर्षांनी मॉसचे सर्वेक्षण होऊ लागले आणि नमुना घेण्याची शिस्त ठरली. ५० × ५० मीटर जागेतून ५ ते १० उपनमुने घ्यायचे, फक्त शेवटच्या तीन वर्षांची वाढ वेगळी करायची, धुवायचे नाही आणि ४० अंशांवर सुकवायचे. त्याहून जास्त तापमानाला पारा उडून जाण्याचा धोका वाढतो. धुण्याने लायकेनचे विशेष नुकसान होते. कोरडा नमुना पाण्यात पडताच पेशींतले पोटॅशियम गळते, धूळ मात्र धाग्यांत अडकलेलीच राहते.

ही शिस्त ध्रुवाकडे जशीच्या तशी नेता येत नाही. *हायलोकोमियम स्प्लेंडेन्स*च्या पायरीसारख्या वाढीवरून वर्षे मोजता येतात. अंटार्क्टिकावरच्या *उस्निया* किंवा *अम्बिलिकारिया* या लायकेनांत तशी खूणच नाही, त्यामुळे एका नमुन्यात कित्येक वर्षांची धूळ एकत्र आलेली असते. शिवाय १९९१ चा पर्यावरण करार १९९८ मध्ये अमलात आल्यापासून तिथली वनस्पती घ्यायला परवाना लागतो. हाती काही ग्रॅमच माल येतो आणि सगळा भार मोजणीआधी नमुना आम्लात विरघळवण्याच्या पायरीवर पडतो.

खरा वाद इथेच आहे : धुळीतली खनिजेही विरघळवणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरायचे की नाही?

रूढ पद्धत अशी : २०० मिलिग्रॅम पूड, त्यावर साधारण ५ मिलिलिटर नायट्रिक आम्ल आणि १ मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मायक्रोवेव्हमध्ये बंद टेफ्लॉनच्या भांड्यात सुमारे २०० अंश. सेंद्रिय भाग पूर्ण विरघळतो, पण तळाशी करडी रेती उरते. ती गाळून टाकली जाते आणि तिच्याबरोबर ॲल्युमिनियमही जाते. समृद्धी गुणांक म्हणजे नमुन्यातले धातू-ॲल्युमिनियम गुणोत्तर भागिले भूकवचातले तेच गुणोत्तर; तो काढताना नमुन्यातले हेच ॲल्युमिनियम छेदात असते.

समजा नमुन्यात शिसे २ आणि ॲल्युमिनियम १६०० मिग्रॅ/किग्रॅ आहे. भूकवचाच्या वरच्या थरात शिसे सुमारे १७ आणि ॲल्युमिनियम ८१,५०० धरले, तर गुणांक ६ येतो. नायट्रिक आम्लात ॲल्युमिनियम निम्मेच उतरले आणि शिसे जवळपास सगळे उतरले, तर तोच नमुना १२ दाखवतो. १० च्या वर ‘धुळीपलीकडचा स्रोत’ म्हणायची प्रथा आहे. म्हणजे प्रदूषणाचा निष्कर्ष बाटलीतल्या आम्लावर ठरतो.

ध्रुवीय धुळीत ही अडचण जास्तच बोचते. तिथे खडक फुटतो तो मुख्यतः गोठण्या-वितळण्याने. चिकणमाती कमी, ताजे फेल्डस्पार (ॲल्युमिनियम असलेले खडकातले खनिज) जास्त, आणि ते नायट्रिक आम्लाला दाद देत नाही. त्यामुळे ॲल्युमिनियम आम्लात उतरण्याचे प्रमाण एका बेटावर एक, दुसऱ्यावर दुसरा, आणि कोणताही ठरावीक गुणक लावून ते दुरुस्त करता येत नाही.

हायड्रोफ्लोरिकविरुद्धचे आक्षेप खरे आहेत. त्वचेवरची भाजणी खोलवर जाते, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी ठेवल्याशिवाय बाटली उघडायची नाही. मोजणी यंत्रातला काचेचा नेब्युलायझर (द्रावणाचा फवारा करणारा भाग) आणि क्वार्ट्झची टॉर्च (तो फवारा तापवणारी नळी) झिजते. कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि विरल मृदा मूलद्रव्ये फ्लोराइड होऊन खाली बसू शकतात. बोरिक आम्ल घालून हे सावरता येते, पण क्षारांचा भार आणि कोऱ्या नमुन्याचे (नुसत्या आम्लांचे) वाचन वाढते. तरीही गुणांक छापायचा असेल, तर ही पायरी टाळायला पुरेसे कारण नाही. न्यूट्रॉन सक्रियण पद्धतीत (नमुन्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून मूलद्रव्ये मोजण्यात) विरघळवावेच लागत नाही, पण तिथे शिसे मोजता येत नाही.

छेदासाठी जागतिक सरासरी वापरणे ही दुसरी खोट. अंटार्क्टिकाजवळच्या साउथ शेटलंडसारख्या ज्वालामुखीजन्य बेटांवर बेसाल्टमुळे तांबे मुळातच जास्त असते आणि शिसे कमी. म्हणून नमुन्याजवळची माती ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढून, त्याच आम्लांत विरघळवून, तिच्याशीच तुलना करावी. पेंग्विनच्या वसाहतीजवळ जस्त, तांबे आणि कॅडमियम विष्ठेतूनही येतात, तिथे फॉस्फरसही मोजावा.

जुन्या मोहिमांची पूड शिल्लक असेल तर तिच्यातले ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम पूर्ण विरघळवून पुन्हा मोजता येते, जुने शिशाचे आकडे मग त्यांच्याशी जोडता येतात. वनस्पती संग्रहालयातल्या नमुन्यांवर मात्र पाऱ्यासाठी भिस्त ठेवू नये, कारण कीड लागू नये म्हणून अनेक ठिकाणी त्यांवर मर्क्युरिक क्लोराइड लावले जात असे.