समुद्रपक्षी चाऱ्याची जागा कशी निवडतात

अल्बट्रॉस, पेट्रेल, गॅनेट, बूबी, फ्रिगेट, पेंग्विन आणि सुरय-कुरव कुळातले बरेच पक्षी, म्हणजे ज्यांचं पोट मुख्यतः खाऱ्या पाण्यावर भरतं ते समुद्रपक्षी. अंडी घालायला यांना जमिनीवर यावंच लागतं पण चारा सगळा समुद्रात, त्यामुळं पिल्लू घरट्यात ठेवून किती लांब जायचं आणि एवढ्या पाण्यात नेमकं कुठं उतरायचं हा यांच्यासाठी जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला क्रोझे बेटांवरच्या भटक्या अल्बट्रॉसना ट्रान्समीटर लावून जूव्हांतँ आणि वायमर्सकिर्च या फ्रेंच संशोधकांनी १९९० साली जे छापलं त्यात एकेका फेरीचं अंतर ३,६०० ते १५,००० किमी निघालं होतं.

वरून समुद्र सगळीकडं सारखा दिसतो, पण पाऊस जसा आपल्याकडं एका शिवारात झोडपतो आणि बांधापलीकडं ढेकूळसुद्धा भिजत नाही तसंच समुद्रातल्या चाऱ्याचं असतं. खोलवरचं थंड पोषक पाणी जिथं वर येतं तिथं वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फोफावतं, त्यावर क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि बारीक मासे जगतात, त्यांच्यावर पक्षी. पेरूच्या किनाऱ्याजवळ हे हम्बोल्ट प्रवाहामुळं होतं, अरबी समुद्रात सोमालिया-ओमानच्या बाजूला नैर्ऋत्य मोसमी वारे हेच काम करतात, म्हणजे जो वारा आपल्याकडं पाऊस आणतो तोच तिकडं पाणी ढवळतो. याशिवाय दोन प्रवाह भेटतात ती रेषा, किनाऱ्यालगतच्या समुद्रात बुडालेल्या जमिनीचा कडा, पाण्याखालचे डोंगर, इथंही चारा गोळा होतो.

निवडीचे साधारण तीन टप्पे धरता येतात. शेकडो किमीच्या अंतरावर आठवण आणि मोसम, दहा-वीस किमीच्या टप्प्यात वास आणि इतर पक्ष्यांची हालचाल, आणि अगदी जवळ आल्यावर नजर. हे टप्पे वेगवेगळे धरले नाहीत तर खाली दिलेल्या वादांतले निम्मे तरी उगाच वाढतात असं प्रस्तुत लेखकाला वाटतं.

वासाचा वाद सगळ्यात जुना. अमेरिकन पक्षीचित्रकार ऑड्युबॉनने १८२० च्या दशकात गिधाडांवर प्रयोग करून ते वासाने नाही तर नजरेने अन्न हुडकतात असं सांगितलं आणि मग शंभरावर वर्षं पक्ष्यांना वास जवळजवळ येतच नाही असं धरून चाललं गेलं. वास्तविक खलाशांना आणि मच्छीमारांना माहीत होतं की पाण्यावर माशाचं तेल ओतलं की कुठून कुठून पेट्रेल गोळा होतात. १९६० च्या दशकात बेट्सी बँग यांनी मेंदूतल्या गंधकंदाची, म्हणजे वास ओळखणाऱ्या भागाची, मापं घेतली आणि पेट्रेल कुळात तो चांगलाच मोठा निघाला, बर्निस वेन्झेल यांनी तो नुसता शोभेचा नाही हे प्रयोगाने दाखवलं, तरी समुद्रावर नेमका कशाचा वास घेतात हे कोडं राहिलंच. ते गॅब्रिएल नेविट यांच्या गटाने १९९५ साली बऱ्यापैकी सोडवलं. क्रिल जेव्हा वनस्पती प्लवक खातं तेव्हा फुटलेल्या पेशींतून डायमिथाइल सल्फाइड नावाचा गंधकयुक्त वायू सुटतो, आणि अंटार्क्टिक भागात या वायूचा वास लावलेलं तेल पाण्यावर पसरवल्यावर पांढऱ्या हनुवटीचे पेट्रेल, प्रायन (पेट्रेल कुळातलेच लहान पक्षी) आणि स्टॉर्म पेट्रेल त्याकडं वळले. सगळे वळले नाहीत, काळ्या भुवयांचे अल्बट्रॉस वळले नाहीत, आणि हाच मुद्दा महत्त्वाचा आहे कारण पुढं असं दिसत गेलं की बिळात घरटं करणाऱ्या लहान जाती या वायूला जास्त प्रतिसाद देतात. २००५ मध्ये नेविट आणि बोनादोना यांनी प्रायनला हा वास अतिशय विरळ प्रमाणातही कळतो हे त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवरून दाखवलं. भटक्या अल्बट्रॉसवर २००८ साली आलेल्या कामात, उडता उडता सापडलेल्या अन्नापैकी निम्म्याच्या आसपास वेळा त्याचा मार्ग वासाच्या मागावर असल्यासारखा होता, म्हणजे वाऱ्याला आडवं उडत राहायचं आणि वास लागला की वळून नागमोडी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं जायचं.

शंका अशी की हा वायू प्रत्यक्ष घासापर्यंत नेतो की नुसतं ‘या भागात काहीतरी आहे’ एवढंच सांगतो. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. २०१६ साली सवोका आणि सहकाऱ्यांनी समुद्रात राहिलेल्या प्लास्टिकलाही हाच वास येतो आणि त्यामुळं असे पक्षी प्लास्टिक गिळतात असं मांडलं, त्यावर पुढच्याच वर्षी इतरांनी हरकत घेतली, आणि वासाचा दुवा शक्य असला तरी सगळा दोष त्यावर टाकणं घाईचं होईल. २०२३ मध्ये क्रोझेच्याच अल्बट्रॉसवर गिलीज आणि सहकाऱ्यांनी आणखी एक दिशा दाखवली, लाटांतून उठणारा आणि माणसाला ऐकू न येणारा खर्जातला आवाज जिकडून मोठा येतो तिकडं हे पक्षी वळायचा कल दाखवतात. लाटा म्हणजे वारा, आणि वाऱ्याशिवाय अल्बट्रॉसला उडणं फार महाग पडतं.

वसाहतीचा हिशोब वेगळाच आहे. हजारो पक्षी एका बेटावर असले की जवळचे मासे आधी संपतात आणि भोवती ओसाड पट्टा तयार होतो, हे फिलिप ॲशमोल यांनी १९६३ साली मांडलं, आणि त्याचा थेट पुरावा अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटाभोवतीच्या उडत्या माशांच्या मोजणीतून २०२१ साली आला. ब्रिटिश बेटांवरच्या १२ गॅनेट वसाहतींचा अभ्यास २०१३ मध्ये छापला गेला, त्यात शेजारशेजारच्या वसाहतींनी समुद्र जणू वाटून घेतल्यासारखा दिसला, भांडण न होता. वसाहत म्हणजे माहितीचं केंद्र, चारा कुठं आहे हे पक्ष्यांना तिथं एकमेकांवरून कळतं, हे वॉर्ड आणि झहावी यांचं १९७३ चं मत मात्र अजून वादातच आहे. पेरूच्या ग्वानाय पाणकावळ्यांचं उदाहरण त्याला जवळचं म्हणता येईल, ते बेटाजवळ पाण्यावर थवा करून बसतात आणि परतणाऱ्यांच्या दिशेनुसार तो थवा सरकत राहतो, निघणारे त्यावरून दिशा धरतात. उष्ण समुद्रात ट्यूना आणि डॉल्फिन बारीक माशांना वर ढकलतात, तिथं पक्षी त्यांच्या मागं असतात.

शेवटचा टप्पा, नजरेचा, बघायला समुद्रच लागतो असं नाही. पैठणला नाथसागरावर नदी सुरय वाऱ्याकडं तोंड करून पाण्यावर आठ-दहा मीटर उंचीवरून जातो, चोच खाली, मान सारखी इकडून तिकडं, मग एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि बऱ्याचदा सूर न मारताच पुढं निघतो. हे सोडून देणं म्हणजेच निवड. सुरयाचा सूर फार तर हातभर खोल जातो त्यामुळं मासा वर असेल आणि पाणी नितळ असेल तरच मेहनत वसूल होते. पाणकावळे घोळक्याने मासे रेटत असले की सुरय आणि हिवाळ्यात आलेले कुरव लगेच तिकडं जमतात. कोकणात वेंगुर्ल्याच्या खडकांवर सुरयांची वीण होते, आणि दक्षिणेकडून येणारा विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल पावसाळ्यात अरबी समुद्रावर असतो.

आता या सगळ्यात बोटी आल्या आहेत. ट्रॉलरमधून टाकून दिलेले मासे हा आयता चारा, २०१४ च्या एका अभ्यासात गॅनेट ११ किमीपर्यंतच्या अंतरावरून बोटीला प्रतिसाद देताना दिसले. लांब दोरांच्या गळांवर असेच आलेले अल्बट्रॉस अडकून बुडतात, त्यांच्या बऱ्याच जाती यामुळं धोक्यात आहेत. वायमर्सकिर्च यांच्या गटाने २०२० मध्ये छापलेल्या कामासाठी अल्बट्रॉसवर बोटींचं रडार ओळखणारी छोटी यंत्रं बसवली तेव्हा ओळख लपवून फिरणाऱ्या कितीतरी बोटी या पक्ष्यांमुळं सापडल्या.