मूतखडा लाटेने फुटतो, मग पित्ताचा खडा का नाही?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. रावेर-यावलच्या केळीबागेत दिवसभर राबणाऱ्या माणसाचं पाणी घामावाटे निघून जातं, लघवी थोडी आणि गडद होते, आणि तिच्यातलं कॅल्शियम ऑक्सलेट किंवा युरिक आम्ल स्फटिक धरू लागतं. मूतखड्याचं खापर आपल्याकडे बोअरच्या जड पाण्यावर फुटतं, पण मोठा दोष कमी लघवीचा. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. त्यासाठी उन्हात काम करणाऱ्याला चार लिटर पाणीही कमी पडू शकतं.

पाच मिलीमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात. त्याहून मोठा, अडकलेला खडा निघाला की नातेवाईक विचारतात, "चिरफाड न करता, बाहेरून यंत्राने सोडलेल्या लाटेने फोडता येईल का?" आणि घरात कुणाला पित्ताशयात खडे असले की तोच प्रश्न त्यांच्यासाठीही येतो. मूतखड्यासाठी उत्तर बऱ्याचदा 'हो' असतं, पित्ताशयासाठी जवळजवळ नेहमी 'नाही'. खडा फुटेल का, हा प्रश्न निम्माच आहे. फुटल्यावर तुकडे कुठल्या वाटेने बाहेर पडणार, यावर सगळं ठरतं.

म्युनिकमध्ये ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्यांदा माणसाचा मूतखडा बाहेरून धक्का-लाटेने फोडला गेला. डॉ. ख्रिस्तियान शॉसी यांच्या चमूने वापरलेलं यंत्र विमानं बनवणाऱ्या डॉर्निअर कंपनीचं होतं, आणि रुग्णाला पाण्याच्या टाकीत बसवावं लागे. आता टाकीऐवजी पाण्याची गादी आणि जेल असतं. पाण्याचं कारण सरळ आहे: आपलं मांस आणि पाणी यांतून लाट जवळपास सारखीच जाते, म्हणून कातडीला इजा न होता ती आत शिरते. हवेचा थर मध्ये आला तर मात्र परत फिरते. जेलमध्ये बुडबुडे राहिले की लाटेची ताकद तिथेच संपते. म्हणून जेल हाताने पसरत नाहीत. गादीवर एकच ढीग ठेवून तिच्यावर रुग्णाला अलगद टेकवतात.

लाट खड्याच्या जागी एकवटते तेव्हा दाब काही मायक्रोसेकंदांसाठी वातावरणाच्या शेकडो पट होतो. खडा दाबला जातो, त्याच्या आत ताण येऊन तडा जातो. दाबामागोमाग उलटी ओढ येते, तिने खड्याभोवतीच्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि ते मिटताना पृष्ठभाग कुरतडतात. हे बुडबुडे विरायला वेळ लागतो. पुढची लाट घाईने सोडली तर त्यांच्यातच अडते. म्हणून मिनिटाला १२० पेक्षा ६० धक्क्यांनी खडा चांगला फुटतो. तीन हजार धक्के म्हणजे पन्नास मिनिटं. ती वाचवण्याचा आग्रह धरू नये. सुरुवात कमी ताकदीने करून हळूहळू वाढवली की मूत्रपिंडालाही कमी इजा होते.

कुणासाठी ही पद्धत योग्य? खडा मूत्रपिंडात आणि दोन सेंटीमीटरच्या आत हवा. खालच्या कप्प्यात असेल तर एक सेंटीमीटरपर्यंतच, कारण तिथले तुकडे वर चढून बाहेर येत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये घनता १००० हाऊन्सफील्ड युनिटच्या वर असली, किंवा कातडीपासून खडा दहा सेंटीमीटरहून खोल असला, तर यश कमी मिळतं. सिस्टीन या अमिनो आम्लाचे खडे फार चिवट. युरिक आम्लाचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, पण तो पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने लघवीची आम्लता घटवून विरघळवता येतो. गरोदरपणात ही लाट वापरत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगितलंच पाहिजे, पण ती मनाने बंद करू नये.

नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, त्याने घाबरू नये. तुकडे मूत्रवाहिनीत एकामागे एक रांगेने अडकले तर पुन्हा कळ येते. त्यातच थंडी-ताप आला तर ती तातडीची वेळ आहे: तुंबलेल्या लघवीत जंतू वाढून ते रक्तात पसरतात. धडगाव-अक्कलकुव्याहून आलेल्या रुग्णाने घरी निघण्यापूर्वीच रात्री-अपरात्री कुठे जायचं ते विचारून ठेवावं. लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून आत स्टेंटची नळी ठेवली असेल तर ती काढायची तारीख घरच्यांनीही लिहून ठेवावी. दुखणं थांबलं म्हणून नळी विसरली जाते आणि काही महिन्यांत तिच्यावरच खडे चढतात.

दोन सेंटीमीटरहून मोठ्या खड्यासाठी पाठीतून छिद्र पाडून दुर्बीण घालतात. मूत्रवाहिनीतल्या खड्यासाठी लघवीच्या वाटेनेच दुर्बीण नेऊन लेझरने चुरा करतात.

पित्ताशयाचं गणित वेगळं आहे. १९८५ साली म्युनिकमध्येच पित्ताशयातल्या खड्यांवरही लाट वापरली गेली, आणि खडे फुटले. पण मूत्रपिंडातून रोज दीड-दोन लिटर लघवी तुकडे धुऊन नेते. पित्ताशयात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर घट्ट पित्त असतं आणि त्याची नळी अरुंद, वळ्यांची. तिथून निसटलेला तुकडा मुख्य पित्तनलिकेच्या तोंडाशी अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती जीवघेणी ठरू शकते. शिवाय खडे घडवणारं पित्ताशय तसंच राहतं, त्यामुळे बऱ्याच रुग्णांत खडे पुन्हा झाले. म्हणून दुर्बिणीने पित्ताशयच काढण्याची शस्त्रक्रिया पुढे आली. भारतात ती १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी सुरू केली. काही त्रास नसताना सोनोग्राफीत सहज दिसलेल्या खड्यांना मात्र बहुतेकदा हात लावावा लागत नाही.

कुळथाचं पाणी प्यायल्याने पित्ताशयातला खडा पडत नाही. ते लघवीच्या वाटेने जातं, पित्ताशयात पोचतच नाही. खडे पडावेत म्हणून सफरचंदाचा रस, लिंबू आणि तेल प्यायल्यावर शौचावाटे पडणाऱ्या हिरव्या गोळ्या म्हणजे पोटात तेलाचा झालेला साबण.

मुख्य पित्तनलिकेत उतरलेला खडा तोंडातून दुर्बीण घालून, नलिकेचं तोंड रुंद करून जाळीने ओढून काढतात. तो फार मोठा असेल तर, आणि स्वादुपिंडाच्या नळीतल्या खड्यांसाठी, बाहेरची लाट आजही वापरतात; कारण तिथे तुकडे काढायची वाट दुर्बिणीने करून देता येते. डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली कळ आणि हुडहुडी भरून ताप, ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर काविळीचं झाडपाल्याचं औषध शोधत बसू नये, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं.