रामबागेतल्या भाट्या आणि डाव्या कानाचं टोक

जानेवारी सरत आला की इंदूरमधल्या आमच्या रामबागेत रात्री बोक्यांचे आवाज सुरू होतात. तान्हं मूल रडावं तसा लांबलचक सूर, मग फिस्कारणं, मग पत्र्यावर धडाधड. शेजारच्या काकू दर वर्षी म्हणतात, "आता दोन महिन्यांनी आमच्या माळ्यावर पिल्लं." त्यांचा हिशेब चोख आहे. मांजरीचा गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा असतो.

भाटीचं, म्हणजे मांजरीचं, शरीर उजेडाकडे बघून चालतं. दिवस लांबू लागला की रात्रीच्या अंधारात तयार होणारं मेलाटोनिन हे संप्रेरक कमी होतं आणि ती माजावर येते. गाई-म्हशींत बीजांड ठरलेल्या वेळी आपोआप सुटतं, मांजरीत मात्र ते बहुधा मीलनानंतरच सुटतं. त्यामुळे गर्भ राहण्याची संधी सहसा वाया जात नाही. एकाच खेपेच्या पिल्लांचे बापही वेगवेगळे असू शकतात. मीलन झालं नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा माज येतो. चार-पाच महिन्यांची, अजून स्वतःच पिल्लू दिसणारी भाटीसुद्धा गाभण राहू शकते. पिल्लं अंगावर पीत असताना आईला पुन्हा दिवस गेल्याचं मी आमच्याच जिन्याखाली पाहिलं आहे.

मांजरं फार झाली की गल्लीत जुना उपाय निघतो. पोत्यात घालायचं आणि लांब कुठेतरी सोडून यायचं. ज्या मांजराला पाणी कुठे आहे, लपायचं कुठे, हेच माहीत नाही, त्याचे हाल होतात. शिवाय गल्लीतली संख्याही कमी होत नाही. जागा आणि अन्न जिथल्या तिथे राहतं, आणि तोवर दबून असलेला शेजारचा बोका आत शिरतो. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात संशोधकांनी जंगलातली रानमांजरं पकडून काढून टाकली आणि कॅमेऱ्यांनी मोजणी केली. काढणं चालू असताना मांजरं कमी दिसण्याऐवजी जास्त दिसली. आजूबाजूची नवी मांजरं मोकळ्या जागेत येत होती, असा त्यांनी अर्थ लावला.

म्हणून मांजर पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि त्याच गल्लीत परत सोडायचं. तिथे ते आपली जागा राखतं, पण पिल्लं होत नाहीत.

पकडणं हे धीराचं काम आहे. आधी आठ-दहा दिवस एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात खाणं ठेवायचं. मांजरं घड्याळ लावल्यासारखी येऊ लागतात आणि नेमकी किती आहेत तेही तेव्हाच कळतं. मग खाणं उघड्या पिंजऱ्यात सरकवायचं. पकडायच्या आदल्या रात्री खाणं बंद. दार पडलं की मांजर जाळीवर डोकं आपटतं, आणि त्याच क्षणी पिंजऱ्यावर जुनी चादर टाकायची. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा माझे हात थरथरत होते. चादर पडली आणि आतली धडपड थांबली. अंधार झाला की भेदरलेलं मांजर लपल्यासारखं गप्प बसतं.

नसबंदी झाल्याची खूण म्हणून भुलीखाली असतानाच डाव्या कानाचं टोक सुमारे एक सेंटिमीटर सरळ कापतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण पुढे वर्षानुवर्षं त्या मांजराला पुन्हा पकडून भूल देण्याची वेळ येत नाही. गच्चीवरूनही ओळखू येतं. टाके आपोआप विरघळणारे असतात. शुद्धीवर आल्यावर बोक्याला एक रात्र आणि भाटीला एक-दोन दिवस उबेत ठेवून मग सोडतात.

बोक्यांच्या मुताचा तो उग्र वास कमी होतो, हे गल्लीतल्या लोकांना सगळ्यात आधी जाणवतं. त्या वासाचं मूळ फेलिनीन नावाच्या अमिनो आम्लात आहे. ते मुतातून बाहेर पडून विघटित होतं तेव्हा गंधकाची दरवळणारी संयुगं तयार होतात. फेलिनीनचं प्रमाण टेस्टोस्टेरॉन या नर संप्रेरकावर अवलंबून असतं, आणि नसबंदीनंतर ते घटतं. मारामाऱ्याही घटतात, आणि चाव्यातून पसरणारे मांजरांचे आजारही.

काकूंनी मला विचारलं होतं, "अगं, तिला आई होऊ द्यायचं नाही, हे पाप नाही का?" मी त्यांना अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या मोजणीबद्दल सांगितलं. तिथल्या मोकाट मांजरांच्या १६९ पिल्लांपैकी १२७ सहा महिन्यांची व्हायच्या आतच मेली किंवा दिसेनाशी झाली. काकूंनी माळ्यावरून खाली काढलेली पिल्लं आठवली असावीत. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यासाठी चादर त्यांनीच दिली.

लोक चुकतात ते एका गोष्टीत. या गल्लीत एक, त्या गल्लीत दोन अशी ऑपरेशनं केली तर पैसे जातात आणि पिल्लं तेवढीच राहतात. उरलेल्या भाट्यांची पिल्लं मोकळ्या अन्नावर अधिक संख्येने जगतात. एकच गल्ली धरायची आणि त्या हंगामात तिथली जवळजवळ सगळी मांजरं, निदान चारातली तीन, संपवायची... म्हणजे ऑपरेशनच्या यादीतून संपवायची. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या आवारात हेच केलं, जमेल त्यांना घरंही मिळवून दिली. १९९६ साली मोजलेली ६८ मांजरं २००२ पर्यंत २३ वर आली. रोममध्ये दहा वर्षांत हजारो मांजरांची नसबंदी झाली, तरी घरची मांजरं लोक आणून टाकत राहिले आणि त्यामुळे बरीच मेहनत वाया गेली. आपल्या देशात पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा रीतीने टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

इंदूरला आणखी एक सोय आहे. रस्त्यावरच्या कचरापेट्या गेल्या, गाडी दारात येऊन ओला कचरा उचलते. त्यामुळे मांजरांच्या ताटात काय पडतं ते बरंचसं आपल्याच हातात आहे. ठरल्या वेळी ठेवा, अर्ध्या तासात ताट उचला. दूध-पोळी नको, मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही.

सिरपूर तलावाजवळ मात्र मी परत सोडण्याच्या बाजूची नाही. होळकरांच्या काळातला तो तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे आणि हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात. नसबंदी झालेलं मांजरही शिकार करतंच. तिथल्या मांजरांना घरं किंवा निवारा शोधावा आणि काठावर खाणं अजिबात ठेवू नये.

आमच्या गल्लीत मागच्या पावसाळ्यापर्यंत अकरापैकी नऊ मांजरांचे कान कापलेले होते. यंदा माळा रिकामा राहिला. परवा मात्र काकूंच्या भिंतीवर एक पिवळा बोका बसलेला दिसला, दोन्ही कान अखंड. आज रात्री त्याच्यासाठी कोपऱ्यात खाणं ठेवलं आहे.