‘ओटीपी सांगू नका’ या धड्यामागची पन्नास वर्षं

पासवर्ड लांब ठेवा, अपडेट टाळू नका, फुकटच्या वायफायवर बँकेचं काम करू नका, ओटीपी कुणाला सांगू नका. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं हे नियम आता पाढ्यांसारखे म्हणून दाखवतात. नियमांत चूक काही नाही. पण ते कुठून आले हे कुणी सांगत नाही, आणि कारण न कळलेला नियम परीक्षेपुरताच टिकतो. यातला जवळपास प्रत्येक नियम कुणाला तरी फटका बसल्यावर तयार झालेला आहे.

१९६९ मध्ये अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पहिलं रूप, सुरू झालं तेव्हा त्यावर मोजक्या विद्यापीठांतली आणि संशोधन संस्थांतली माणसं होती. सगळे एकमेकांच्या ओळखीचे, त्यामुळे ‘तू नक्की कोण?’ असं विचारायची सोयच रचनेत ठेवली नाही. १९७१ मध्ये ‘क्रीपर’ नावाचा प्रोग्राम एका संगणकावरून दुसऱ्यावर उड्या मारू लागला. तो निरुपद्रवी होता, म्हणून लोक हसले. २ नोव्हेंबर १९८८ ला मात्र हसू आटलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा प्रोग्राम ईमेलच्या व्यवस्थेतली भोकं वापरून आणि सोपे पासवर्ड ओळखून पसरला. स्वतःच्या इतक्या प्रती काढल्या की यंत्रं बसली. तेव्हा नेटवर्कवर सुमारे ६०,००० संगणक होते, त्यातले ६,००० बाधित झाल्याचा अंदाज नेहमी दिला जातो. शब्दकोशातला शब्द पासवर्ड म्हणून ठेवू नका, हा सल्ला तिथे पक्का झाला. अशा प्रसंगी धावून जाणारं पहिलं पथक, सर्ट, त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठात उभं राहिलं. आपल्याकडचं सर्ट-इन आलं २००४ मध्ये.

या सगळ्याशी खान्देशाचा संबंध उशिरा आला. अमळनेरकर इथे मला थांबवतील: १९४५ मध्ये तिथे वनस्पती तूप बनवणारी जी कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. खरं आहे. पण कंपनी संगणकात गेली म्हणून अमळनेरच्या घरात संगणक आला नाही. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट खुलं केलं. दोन्ही मोठ्या शहरांपुरतं. इकडे तेव्हा एसटीडी बूथचा काळ होता. मग नेट कॅफे आले, एमएस-सीआयटीचे वर्ग आले, आणि सुरक्षा म्हणजे फ्लॉपीतून, पुढे पेनड्राइव्हमधून येणारा व्हायरस आणि त्यावरचा अँटिव्हायरस, एवढं समीकरण बसलं. त्या काळाला ते ठीक होतं. तक्रार एवढीच की बऱ्याच ठिकाणी धडा अजून तिथूनच सुरू होतो.

वायफायची गोष्ट थोडक्यात. १९९७ च्या वायफाय मानकात डब्ल्यूईपी नावाचं कूटसंरक्षण, म्हणजे हवेतून जाणारे संदेश झाकण्याची पद्धत, होती. त्यातला प्रत्येक संदेशासोबत बदलणारा आकडा फक्त २४ बिटांचा, म्हणजे तो लवकर पुन्हा येतो. २००१ मध्ये संशोधकांनी ते फोडण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आलं. त्यातही २०१७ मध्ये खोट निघाली आणि पुढच्या वर्षी डब्ल्यूपीए३ जाहीर झालं. घरचा राउटर जुना असेल तर सेटिंगमध्ये यातलं काय चालू आहे ते एकदा बघावं.

मोबाइलचं नेटवर्क मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण आपले पैसे त्यावर टांगलेले आहेत. टूजीमध्ये फोन टॉवरला स्वतःची ओळख पटवतो, टॉवर फोनला पटवत नाही. म्हणून खोटा टॉवर उभा करता येतो. संभाषण झाकणारी ए५/१ ही पद्धत गुप्त ठेवली होती. किल्ली सोडून बाकी सगळं शत्रूला माहीत आहे असं धरूनच रचना करावी, हे कूटलिपीचा अभ्यासक केर्कहॉफ्सने १८८३ मध्येच लिहून ठेवलेलं असूनही. ती गुप्तता नव्वदच्या दशकात फुटली. थ्रीजीपासून दोन्ही बाजूंनी ओळख पटवणं आलं. त्याखाली एसएस७ ही कंपन्यांनी आपसात बोलण्याची जुनी यंत्रणा होतीच, तीही एकमेकांवर विश्वास धरून बांधलेली. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी तिच्यातून कॉल आणि एसएमएस वळवता येतात हे दाखवलं, आणि २०१७ मध्ये जर्मनीत त्याच वाटेने ओटीपी पळवून खाती रिकामी केल्याचं समोर आलं.

आपल्याकडे ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी खातरजमा रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीची केली आणि ती बहुतेक करून एसएमएसवर आली. तेव्हापासून सिमकार्ड हीच तिजोरीची किल्ली. चोरालाही ते कळलं: तुमच्या नावाने दुसरं सिम काढायचं, की ओटीपी त्याच्याकडे. १ जुलै २०२४ पासून सिम बदललं की ७ दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, तो नियम यातूनच आला.

२००४ मध्ये ‘कॅबीर’ हा मोबाइलवरचा पहिला किडा, म्हणजे स्वतःच पसरणारा प्रोग्राम, ब्लूटूथमधून फिरला, पण फोनवर शिरायला त्याला मालकाचा होकार लागत होता. वीस वर्षांनी तेच चाललंय. खान्देशात २०१६ या एका वर्षात तीन गोष्टी एकदम येऊन आदळल्या: स्वस्त फोरजी, यूपीआय आणि नोटबंदी. रावेर-सावद्याच्या केळीचे पैसे खात्यावर येऊ लागले, आणि ज्याने संगणकाला कधी हात लावला नव्हता त्याचा पहिला संगणक म्हणजे खिशातला फोन झाला. त्या फोनवर आता व्हॉट्सअॅपवरून लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, पीएम किसानची यादी अशा नावांच्या एपीके फाइली, म्हणजे थेट अॅप टाकणाऱ्या फाइली, येतात. उघडल्यावर अॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, माणूस ‘अलाव’ दाबतो, आणि ओटीपी परस्पर चोराकडे जातो. इथे अँटिव्हायरसपेक्षा परवानग्यांचा पडदा वाचता येणं कामाचं. अँड्रॉइडने २०१५ मध्ये एकेक परवानगी वेगळी विचारायला सुरुवात केली ती याचसाठी. त्याआधी अॅप टाकतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत.

अंगठ्याचंही बोललं पाहिजे. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. पुढे आधार बँक खात्याला जोडलं आणि गावातल्या केंद्रावर ठसा देऊन पैसे काढता येऊ लागले. सातपुड्यातल्या पाड्यांना बँक लांब पडते, त्यांना ही मोठीच सोय. पण पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. काही राज्यांत दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून खात्यांवर हात मारला गेला. आधारमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. ती वर्गात शिकवली जाते का, हे मी प्रत्येक शिक्षकाला विचारतो.

माझ्या मते इकडच्या सायबर सुरक्षेच्या वर्गांनी क्रम उलटा करावा: आधी सिम, मग परवानग्या, मग अंगठा, मग वायफाय; फायरवॉल आणि व्हायरस शेवटी. कायद्याचं एक पान पुरे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा; दुसऱ्याची ओळख चोरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं यांची ६६-क आणि ६६-ड ही कलमं २००८ च्या दुरुस्तीने आली. पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळायची आशा. आणि *४०१# ची युक्तीही शिकवावी: कुरिअरवाला असल्याचं सांगून कुणीतरी हा आकडा आणि पुढे एक नंबर दाबायला लावायचा, आणि तुमचे कॉल त्या नंबरकडे वळायचे. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ही सोय बंद करायला लावली. तरी शंका असेल तर ##००२# डायल करावं. कॉल वळवण्याच्या सगळ्या सूचना रद्द होतात.