मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये तयार होणारं हाड

मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरच्या गाठीत क्वचित कधीतरी चक्क हाड सापडतं, नुसता कॅल्शियमचा थर नाही तर पेशी असलेलं खरंखुरं हाड. हे हाड कॅन्सरच्या नव्हे तर साध्या पेशींनी बनवलेलं असेल तर त्याला ऑसियस मेटाप्लेजिया म्हणतात. प्रकार फार दुर्मिळ, पण रिपोर्टमध्ये हाड हा शब्द वाचला की घरचे लोक 'कॅन्सर हाडात गेला' असं समजून खचून जातात, आणि तसं नसतं म्हणून नीट समजून घ्यायला हवं.

बऱ्याचदा पहिली चाहूल लॅबमध्येच लागते. गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर कापताना पातं कर्रकन अडतं, कापाच्या चिंध्या होतात, मग तुकडा ॲसिडमध्ये ठेवून कॅल्शियम काढून टाकावं लागतं आणि रिपोर्ट लांबतो.

हाड येतं कुठून? १९३१ मध्ये शिकागोचे सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी कुत्र्याच्या मूत्राशयाचं आतलं अस्तर काढून पोटाच्या स्नायूवरच्या पडद्यात लावलं तर तिथे हाड तयार झालं! (प्रोस्टेट कॅन्सरवरच्या हार्मोन उपचारांसाठी १९६६ चं नोबेल मिळालं ते हेच.) म्हणजे हे अस्तरच शेजारच्या साध्या तंतुपेशींना हाड बनवायला लावू शकतं. पुढे १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी कॅल्शियम काढलेल्या हाडाचा तुकडा स्नायूत ठेवून नवीन हाड तयार होतं हे दाखवलं, त्यातूनच बीएमपी (बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन) ही हाड बनवायला लावणारी प्रोटीन्स पुढे आली, आणि गाठीतल्या हाडामागेही त्यांचाच हात असावा असं मानतात.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असतो हे हाड बनवलं कोणी. मेटाप्लेजियात हाडाच्या कडेने साध्या, शांत दिसणाऱ्या पेशी ओळीने बसलेल्या असतात आणि कॅन्सरच्या पेशी वेगळ्या दिसतात. पण सार्कोमॅटॉइड कार्सिनोमात (अस्तराच्या कॅन्सरचा एक बिघडलेला प्रकार) किंवा मूत्राशयाच्या ऑस्टिओसार्कोमात (हाड बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर) बिघडलेल्या कॅन्सरपेशी स्वतःच जाळीसारखं कच्चं हाड विणतात, आणि हे दोन्ही आजार खूप आक्रमक असतात. छोट्या बायोप्सीत हा फरक चुकू शकतो, त्यामुळे शंका असेल तर स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवण्यात काहीच गैर नाही.

सीटी स्कॅनवर हे हाड पांढरं चमकतं आणि खड्यासारखं वाटू शकतं. मेटाप्लेजिया असेल तर त्या हाडासाठी वेगळा उपचार नसतो, गाठ स्नायूच्या थरात किती खोल गेली आहे आणि तिचा ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) काय आहे यावरच पुढचं ठरतं.